पक्की साद

२ ऑगस्ट

आलो एकदाचे! सामान अजून अर्धं बांधलेलंच आहे, पण घर छान मिळालंय. बंदरापासून चालत जाण्याइतकं जवळ, तीन खोल्या, मधे एक अरुंद बोळ आणि बोळाच्या टोकाला दार. आईने आल्या आल्या भिंतींना हात लावत सगळं घर पालथं घातलं. तिच्या उजव्या डोळ्याला उजेड-अंधार एवढंच कळतं आणि डाव्याचं ऑपरेशन आता इथे व्हायचंय, त्यामुळे ती घर हातांनी ओळखते आणि आम्हाला आवाजाने. त्यातही पंचाईत अशी की माझा आणि धाकटीचा आवाज हुबेहूब. फोनवर मैत्रिणी फसतात, आणि दुसऱ्या खोलीतून बोललं तर आईसुद्धा फसते, मग आपणच हसत सुटते.

धाकटी दिवसभर खिडकीच्या चौकटीवरचं शेवाळ नखाने खरवडत बसली होती. शेवाळ हा तिच्या अभ्यासाचा विषय, त्यामुळे तिला आळशी म्हणायची सोय नाही. खोकी उचलायला हाक मारली, तर म्हणाली, आले आले, आणि जागची हलली नाही. लहानपणापासून हे असंच. तिच्या आले आले याचा अर्थ येणार नाही असा घ्यायचा, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मी चिडले, मग खोकी मीच उचलली. मोठी बहीण म्हणजे घरचा हमाल!

४ ऑगस्ट

कचेरी दोरखंडांच्या दुकानावर आहे. जिना चढताना डांबराचा वास येतो आणि मला तो चक्क आवडला. आमचे साहेब निसर्गसहली काढतात. सगळे त्यांना कप्तान म्हणतात, पण त्यांना स्वतःला बोट लागते, त्यामुळे ते आयुष्यात एकदाही बेटावर गेलेले नाहीत. हे त्यांनीच पोट धरून हसत सांगितलं. कोपऱ्यातल्या वायरलेसशेजारी वायरलेसबाई बसते, विणकाम करत. ती मोजकं बोलते, पण चहा फक्कड करते.

माझं काम बेटाची सहल आखायचं. बेट ज्वालामुखीचं, मुख्य भूमीपासून फार लांब. काळी वाळू, माणसापेक्षा उंच नेचे, जमिनीच्या भेगांतून येणारी वाफ. वर्षातले बहुतेक दिवस पाऊस आणि पाऊस नसेल तेव्हा धुकं. धक्का नाही, भरती पाहून होडीतून उतरायचं. राहायला एकच लाकडी झोपडी. सुती मोजे नकोत, लोकरी हवेत. काड्यापेट्या मेण लावलेल्या. बुटांच्या तळाला खिळे. असलं काम मला मनापासून आवडतं. एकेक गोष्ट जागच्या जागी लागली की मला रात्री शांत झोप लागते, म्हणून धाकटी मला घरचं वेळापत्रक म्हणते.

११ ऑगस्ट

कानाशी भुणभुण लावून धाकटीने मला नको नको केलं. त्या बेटावर असं शेवाळ आहे म्हणे की ज्याला अजून कोणी नीट हात लावलेला नाही. एका प्रवाशाचा पाय मोडला आणि एक जागा रिकामी झाली. मी कप्तानांकडे शब्द टाकला, ते लगेच हो म्हणाले. ही बातमी सांगितली तेव्हा धाकटीने मला गच्च मिठी मारली आणि जन्मभर माझी खोकी उचलीन असं वचन दिलं. आई म्हणाली, एवढ्या लांब कशाला, शेवाळ काय आपल्या न्हाणीघरात कमी आहे! मग तिनेच धाकटीसाठी लोकरीची टोपी शोधून काढली.

मलाही जायला आवडलं असतं, इथेच लिहिते. पण आईचं ऑपरेशन आहे, आणि दोघींतल्या एकीने मागे राहायला हवं.

१९ ऑगस्ट

आज पहिली तालीम झाली. सहलीची तालीम असते हे मला ठाऊकच नव्हतं! जुन्या गोदामात दिवे घालवून, नळीने पाण्याचे फवारे सोडून, सगळ्यांनी रेनकोटची टोपडी ओढून एका दोरीला धरून चालायचं. पुढे वाटाड्या. सुकलेल्या खोडासारखा माणूस, पापण्यांवर केस नाहीत. बेटावरच्या धुक्यात स्वतःचा हात दिसत नाही, म्हणून तो माणसं डोळ्यांनी मोजत नाही, कानांनी मोजतो. प्रत्येकाने आपली एक साद ठरवायची. तो घंटी वाजवणार आणि दोरीच्या क्रमाने एकेकाने साद द्यायची. नाव घ्यायचं नाही. सगळ्या सादा आल्या की पुढे चालायचं. मागे वळून बघायचं नाही, त्यानेही नाही आणि कोणीही नाही.

निवृत्त पोस्टमास्तर टपाल असं ओरडतात, दातांची डॉक्टरीण पुढचा या म्हणते. धाकटी दोरीच्या शेवटाला. तिने काय निवडलं असेल? आले आले! मी कोपऱ्यात तोंडावर हात धरून हसत होते.

नंतर वाटाड्याने सगळ्यांना समज दिली. शेवटच्या तालमीत साद पक्की होते. ती चुकवली तर सहल रद्द. आणि पक्की झालेली साद नंतर बदलायची नाही, कारण बेट ऐकत असतं. हे शेवटचं तो अगदी सहज बोलला, छत्री आणा म्हणाल्यासारखं.

२७ ऑगस्ट

धाकटीवर इतकी चिडलेय, पण खरं तर चूक तिची नाही. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, महिनाभर पट्टी राहणार. ती बदलायला तिला घेऊन मी जाणार होते, कप्तानांनी मला तालमीला थांबवून घेतलं म्हणून ती गेली. डॉक्टरांना उशीर झाला. इकडे शेवटची तालीम सुरू झाली आणि धाकटीचा पत्ता नाही. तिचा रेनकोट खुंटीवर लोंबकळत होता.

मी तो घातला. टोपडं नाकापर्यंत ओढलं आणि दोरीचं टोक धरलं. आम्ही कॉलेजात हजेरीला हेच करत होतो, एकमेकींच्या नावाला ओ द्यायचो. अंधारात कोणाला काय कळणार? घंटी वाजली. टपाल. पुढचा या. माझी पाळी आली. मला दोन दिवस सर्दी आहे, त्यामुळे पहिलं आले म्हटलं, मग खोकला आला, मग दुसरं आले म्हटलं.

वाटाड्या थांबला. मला वाटलं, झालं, पकडलं! पण तो वळला नाही. साद पक्की, एवढंच म्हणाला.

धाकटी घरी आली तेव्हा रडकुंडीला आली होती. मी तिला सांगितलं की तुझी हजेरी लावलीये, सुटकेस भर. ती नाचायलाच लागली.

१ सप्टेंबर

गेली! गलबताच्या कठड्यावरून हात हलवत होती, टोपी वाकडी. आई माझ्या दंडाला धरून उभी होती, मी तिला सगळं सांगत होते. आता धाकटीने टोपी काढली, आता हसतेय, आता दिसत नाही. आई म्हणाली की घर आता फार शांत वाटेल. मला शांतता हवीच होती, पण तसं म्हणाले नाही.

३ सप्टेंबर

रोज संध्याकाळी गलबतावरून वायरलेस येतो. वाटाड्या घंटी वाजवतो, सगळे साद देतात आणि ती आम्ही इथे ऐकतो. धाकटीचं आले आले ऐकलं आणि जिवात जीव आला. शेवटी दबकं हसूही होतं, तिचंच. मी फोनवर ते टिपून घेतलं आणि घरी आईला ऐकवलं. तिने दोनदा लावायला सांगितलं.

५ सप्टेंबर

समुद्र खवळलेला म्हणून गलबत दोन दिवस बाहेरच थांबलं होतं, आज बेटावर उतरले. पाऊस इतका की वायरलेसमधून नुसता तोच ऐकू येत होता. मग घंटी. टपाल. पुढचा या. एकेक करत शेवट आला.

आले, खोकला, आले.

मी पेन्सिल खाली ठेवली. धाकटीला सर्दी नव्हती. आणि तो खोकला धाकटीचा नव्हता. आवाज सारखा असला तरी स्वतःचा खोकला माणसाला कळतो. तो माझा होता. वायरलेसबाई म्हणाली, पावसाचं ठिकाण आहे, सर्दी होणारच. कप्तान म्हणाले, सगळ्या सादा आल्या, उत्तम. मी घरी येऊन टिपलेलं पुन्हा पुन्हा ऐकलं.

आईला ऐकवलं. ती खूश झाली. म्हणाली, आवाज खणखणीत आहे गं, पण तिला म्हणावं गरम पाणी पी.

६ सप्टेंबर

पुन्हा तेच. तोच खोकला, तिथेच, तेवढाच. माणूस रोज एकसारखा खोकत नाही. मी वायरलेसबाईच्या हातातून माईक घेतला आणि वाटाड्याला म्हणाले की धाकटीला बोलायला दे, तिच्या आईला काळजी वाटतेय. थोडा वेळ नुसता पाऊस. मग अगदी जवळून, आले, खोकला, आले. मी शेवाळाबद्दल विचारलं. आले, खोकला, आले. आईबद्दल विचारलं. तेच.

वाटाड्या म्हणाला, दमलीये, आज फार चढ होता.

माझा घसा बसलाय. कचेरीत मला दोनदा सांगावं लागलं तेव्हा कुठे चहा मिळाला.

७ सप्टेंबर

आज सादा संपल्यावर मागे, फार लांबून, आणखी एक आवाज होता. मला शब्द ऐकू आले. मी इथे मागे आहे, दोरी सुटलीये, थांबा ना. धाकटी. माझी धाकटी. ती ओरडत होती आणि कोणी तिच्याकडे वळत नव्हतं, कारण सादा पूर्ण होत्या.

मी कप्तानांना सगळं कबूल केलं. तालमीला मी उभी राहिले, साद माझी लागली. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मग म्हणाले की हे तुम्ही मला सांगितलं नाही असं समजू. सादा पूर्ण असताना शोध घ्यायचा नाही, हा वाटाड्याचा नियम, त्याच अटीवर तो जातो. मी म्हटलं, त्याला एकदा मागे वळून बघायला सांगा. माझा आवाज इतका खोल गेला होता की त्यांनी कान पुढे केला. मी हात जोडले. शेवटी त्यांनी वायरलेसवर विचारलं.

वाटाड्याचं उत्तर आलं. वळून पाहिलं. दोरीच्या शेवटी रेनकोट आहे, टोपडं खाली आहे, दोरीला ओढ आहे. सगळे आहेत.

८ सप्टेंबर

आवाज गेला. पूर्ण. सकाळी आईला हाक मारली आणि तोंडातून नुसती हवा. डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून पाहिलं, म्हणाले, घसा स्वच्छ आहे, काही झालेलं नाही, विश्रांती घ्या.

आईला हे समजावणंच कठीण. मी तिच्या तळहातावर बोटाने लिहिलं, आवाज बसला. ती म्हणाली, काढा करून देते. पुढचं कसं लिहू? तिच्या हातावर हे सगळं कसं लिहू? धाकटी हरवलीये असं लिहायला लागले, तर तिने हात काढून घेतला, म्हणाली, गुदगुल्या होतात गं.

संध्याकाळी वायरलेसवर माझा आवाज. खणखणीत. मागे धाकटी ऐकू आली नाही. पाऊस फार होता.

९ सप्टेंबर

आज मागे ऐकू आली. नीट शब्द नाहीत. रडत होती.

वायरलेसबाईने विणकाम थांबवलं. तिलाही ऐकू आलं, मी पाहिलं. पण तिने मान खाली घातली आणि टाके मोजायला लागली.

१० सप्टेंबर

सकाळी गलबत बेटावरून निघालं. सादा पूर्ण.

मी वायरलेसपुढून हलले नाही. झोपडीत एक जुना संच ठेवलेला असतो, अडीअडचणीसाठी, तो मीच यादीत तपासून पाठवला होता. दुपारी त्यावरून खरखर आली.

सगळे गेले का, असं तिने विचारलं. ताई, कोणी आहे का तिथे? मी ओरडत होते, ते वळलेच नाहीत. मी त्यांच्या मागेच होते. गलबत दिसत नाहीये. ताई, कोणीतरी बोला ना.

मी माईकचं बटण दाबलं. तोंड उघडलं. काही नाही. हवा. देवा, नुसती हवा! तिने विचारलं, कोण आहे? श्वास ऐकू येतोय, कोण आहे, बोला ना. मी नखाने माईकवर टकटक केली. जोरात, पुन्हा पुन्हा. मग अगदी हळू म्हणाली, ताई, तू आहेस का?

वायरलेसबाईने वायर उपटली.

म्हणाली की गलबत सुटल्यावर तिथून आवाज येतातच, त्यांना उत्तर द्यायचं नाही, तिला पहिल्या दिवशीच ताकीद दिलेली आहे. मी तिच्या पाया पडले. तिने संच कपाटात घालून कुलूप लावलं आणि किल्ली ब्लाउजमध्ये ठेवली. ती पण रडत होती. रडणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, आणि मला तर बोलताही येत नाही.

कप्तानांना लिहून दिलं, होडी पाठवा, ती जिवंत आहे. त्यांनी वाचलं. म्हणाले, सगळे प्रवासी गलबतावर आहेत, तशी बंदरात नोंद झालीये. मी कोणाच्या नावाने होडी पाठवू?

११ सप्टेंबर

बंदर पोलिसांकडे गेले. कागदावर सगळं लिहून दिलं. अधिकारी भला माणूस, खुर्ची दिली, पाणी दिलं. त्याने माझ्यासमोर गलबताशी संपर्क साधला आणि धाकटीला बोलवायला सांगितलं. कर्ण्याचा आवाज वाढवला, मलाही ऐकू यावं म्हणून.

माझा आवाज आला. आता खोकला नाही. आता नुसतं आले आले नाही. ताई, उगाच काळजी करू नकोस, मी घरी येतेय, आईला सांग. पूर्ण वाक्यं बोलली. माझ्यासारखी. शब्द तोडून बोलायची माझी लकब, तीसुद्धा.

अधिकाऱ्याने हसून माझा कागद माझ्या हातात परत दिला. म्हणाला, बघा, उगाच जीव टांगणीला लावून घेतलात. बहिणीचा जीव आहे तुमच्यावर, आवाजावरून कळतं.

मी काय करू? कोणाला सांगू? तिथे ती एकटी आहे. पाऊस पडत असेल. लोकरी मोजे दिलेत. कोरडा शिधा झोपडीत थोडा आहे. किती दिवस—

१२ सप्टेंबर

गलबत लागलं. भोंगा इथपर्यंत ऐकू आला.

आई सकाळपासून म्हणतेय की जा, धक्क्यावर जा, धाकटीला घेऊन ये. तिने मला दाराबाहेर काढलंसुद्धा. मी पुन्हा हळूच आत आले. तिला वाटतंय मी गेले. तिला कसं सांगू की गेले नाही? मी बोळात दाराला पाठ लावून बसलेय. ते आत येणार नाही. तेवढं तरी मी करीन. तेवढंच माझ्या हातात—

जिन्यावर पावलं. ओली.

बेल.

आई स्वयंपाकघरातून येतेय, भिंतीला हात लावत. विचारतेय, कोण?

बाहेरून माझा आवाज. आई, मी गं, ताई. घेऊन आले धाकटीला. दार उघड.

आई हसली. म्हणाली, अगंबाई, आवाज आला का तुझा परत!

मी तिचा हात धरला. घट्ट. ती दचकली. तिने विचारलं, कोण आहे? घरात कोण आहे? मी तिच्या तळहातावर लिहिते आहे, मी, मी — पण ती हात ओढतेय — कळत नाहीये तिला — माझे हात थंड — आई, माझा हात ओळख ना —

किंचाळली. ताई, लवकर ये, घरात कोणीतरी शिरलंय, मला धरलंय —

बाहेरून माझा आवाज, घाबरलेला, अगदी माझ्यासारखा. आई, घाबरू नकोस, कडी काढ, मी आहे ना —

हात सोडला. तिला माझीच भीती वाटतेय. मला तिला असं धरवत नाही. ती माझ्या डोक्यावरून हात लांब करून कडी चाचपतेय. मी खाली, दाराशी, लिहितेय, दुसरं काही करताच येत नाही — आई, नको — कडी सापडली तिला — दार माझ्या पाठीला —